ही गो टू स्कूल

माझी भाची तिसरीत आहे. गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. दर रविवारी सकाळी आमचा व्हिडिओ कॉलवर इंग्रजीचा तास असतो. तास हा शब्द जरा मोठाच झाला. मी पुण्यात चहाचा कप घेऊन बसलेला असतो आणि ती तिकडे ओसरीवर, ताईचा मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून. मधेच रेंज जाते, मधेच शेळी वही हुंगायला येते. अर्ध्या तासात दहा मिनिटं इंग्रजी झालं तरी खूप.

त्या रविवारी साधा वर्तमानकाळ चालू होता. तिनं वहीतलं वाक्य वाचलं, "माय ब्रदर गो टू स्कूल."

"गो नाही, गोज," मी म्हणालो.

"कामून?"

"ही, शी, इट असलं की क्रियापदाला एस लागतो. गो असेल तर ईएस."

"पर कामून लागतो? गो म्हन्लं तर कळत नाही का?"

"कळतं. पण तसं बोलत नाहीत."

"कोन?"

"कोन नाही, कोण."

तिनं जीभ टाळूला लावून काळजीपूर्वक 'कोण' म्हटलं, मग 'गोज' म्हटलं, वहीत दुरुस्ती केली आणि आम्ही पुढच्या वाक्याकडे गेलो. कॉल संपल्यावर कप विसळताना माझ्या लक्षात आलं की तिनं मला एक सरळ प्रश्न विचारला होता. तसं बोलत नाहीत म्हणजे कोण बोलत नाही? मी उत्तर दिलंच नाही. तिच्या प्रश्नातला फक्त 'न' सुधारला.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे. उत्तर देणं अवघड जातंय, कारण त्या 'कोण'मध्ये मीही आहे.

झालं असं होतं. मला नोकरीला सहा वर्षं होतील. गेल्या दीडेक वर्षापासून ऑफिसात नव्या उमेदवारांच्या मुलाखती घ्यायला बसवतात. साताठ महिन्यांपूर्वी एक मुलगा आला होता. एका छोट्या कंपनीत दोन वर्षं काम केलेला. रेझ्युमेवरचं गाव वाचायच्या आधी, पहिल्या दोन वाक्यांच्या हेलावरूनच मला कळलं की हा आपल्याकडचा. जिंतूर, नाहीतर सेलू. नंतर पाहिलं, सेलूच होतं.

मी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला. ग्राहकानं 'पे'चं बटण दोनदा दाबलं किंवा नेटवर्कच्या गोंधळात एकच रिक्वेस्ट दोनदा आली, तर पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून काय कराल? तो म्हणाला, "रिक्वेस्ट कम, वुई चेक की. इफ की एक्झिस्ट, सर्व्हर नॉट प्रोसेस. इट सेंड ओल्ड रिस्पॉन्स." उत्तर बरोबर होतं. एवढ्यावर थांबला नाही. दोन रिक्वेस्ट अगदी एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही 'की नाही' असंच दिसेल, म्हणून डेटाबेसमध्येच ती की युनिक ठेवावी लागेल, हेही त्यानं स्वतःहून सांगितलं. माझ्या अनुभवात हे इथपर्यंत फार थोडे पोचतात. फक्त प्रत्येक वाक्याआधी तो थोडा थांबत होता. विचार करायला थांबणं वेगळं दिसतं. हा वाक्य तपासायला थांबत होता. तपासूनही एस येत नव्हता.

फॉर्मवर मी लिहिलं, 'टेक्निकली गुड. कम्युनिकेशन नीड्स इम्प्रूव्हमेंट.' अशा फॉर्मची ज्यांना सवय आहे त्यांना माहीत असतं की दुसरं वाक्य पहिल्याला खातं. त्याची निवड झाली नाही.

माझ्या बाजूनं बोलण्यासारखं काही नाही असं नाही. आमचे क्लायंट परदेशात आहेत, रात्रीचे कॉल असतात, तिकडच्या माणसाला पटकन कळायला हवं. हे सगळं खरं आहे. पण त्या पाऊण तासात त्या मुलाचं एकही वाक्य मला कळलं नाही असं झालं नव्हतं. माझ्याबरोबर पॅनेलवर बसलेल्या सहकाऱ्यालाही सगळं कळलं होतं. मग बिघडलं होतं ते नेमकं काय? कम्युनिकेशन म्हणजे एकाच्या डोक्यातलं दुसऱ्याच्या डोक्यात पोचणं असेल, तर ते झालं होतं.

आणि एक गोष्ट मी फॉर्मवर लिहिली नाही. पुण्यातल्या मुलाखतीत 'मराठीत सांगितलं तरी चालेल' असं म्हणणं काही जगावेगळं नाही. मी ते म्हणू शकत होतो. शेजारचा सहकारी मोठ्या शहरातल्या इंग्रजी शाळेतला, मी मराठीत बोललो असतो तर माझाही हेल बाहेर आला असता. त्या मुलाच्या आणि माझ्या मधे एक टेबल होतं, आणि ते टेबल तिथे असल्याचं मला बरं वाटत होतं.

मी कुणाचा छळ केला, असं मला म्हणायचं नाही. एवढंच विचारायचंय की मी त्याला ज्याची शिक्षा दिली ती गोष्ट चूक होती का? असेल तर कसली चूक? मराठीत आपण 'गणित चुकलं' म्हणतो, 'वाट चुकली' म्हणतो आणि 'माझी चूक झाली, माफ करा' असंही म्हणतो. तिन्हींना शब्द एकच. गो आणि गोजमधली चूक यांपैकी कुठली?

त्यासाठी त्या एसकडेच जरा बघू.

मराठीत क्रियापदाला बरीच कामं असतात. नुसतं 'शाळेत जाते' म्हटलं की जाणारी मुलगी किंवा बाई आहे, एकटी आहे आणि आपण तिच्याशी नाही, तिच्याविषयी बोलतोय, एवढं सगळं कळतं. म्हणून आपण कर्ता गाळू शकतो. इंग्रजीत कर्ता गाळता येत नाही. 'ही' म्हणून झालंय, म्हणजे जाणारा एक आहे, पुरुष आहे आणि तिसरा आहे हे आधीच कळलंय. त्यानंतर येणारा एस नवीन काय सांगतो? काहीही नाही. जुन्या इंग्रजीत क्रियापदांना आपल्यासारखेच वेगवेगळे प्रत्यय होते. ते एकेक करून गळाले आणि साध्या वर्तमानकाळात हा एक शिल्लक राहिला. शेक्सपिअरच्या काळात तर त्याच जागी कुणी 'एस' लावायचं, कुणी 'थ' लावायचं, आणि दोन्ही चालायचं. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफोक नावाचा भाग आहे, तिथल्या बोलीत लोक पिढ्यान्‌पिढ्या हा एस लावतच नाहीत. 'ही गो' म्हणणारे अस्सल इंग्रज आहेत, आणि त्यांचं एकमेकांचं सगळं एकमेकांना समजतं.

आमच्या क्षेत्रातलं उदाहरण द्यायचं तर डेटा पाठवताना शेवटी एक पॅरिटी बिट जोडतात. त्यात माहिती नसते, आधीची माहिती नीट पोचली का एवढं तपासायला तो असतो. एस साधारण तसा आहे. फरक एवढाच की पॅरिटी बिट चुकला तर मशीन पुन्हा मागतं. एस चुकला तर माणूस हसतो.

लहान मुलांचं बघा. हार्वर्डमधले मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी तीन अमेरिकन मुलांचं बोलणं बरीच वर्षं टिपून घेतलं आणि १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात असं दिसलं की अनेकवचनाचा एस, म्हणजे 'डॉग'चं 'डॉग्ज', मुलं लवकर उचलतात. क्रियापदाचा एस मात्र बऱ्याच उशिरा येतो. उच्चार तोच, अक्षर तेच. पण एकातून अर्थ कळतो आणि दुसऱ्यातून नाही, असं मला त्यावरून वाटतं. इंग्रजी ज्यांच्या आईची भाषा आहे ती मुलंसुद्धा तीन वर्षांची होऊनही 'ही गो' म्हणतात. तेव्हा घरातले लोक त्यांना जवळ घेतात. त्यांचं कम्युनिकेशन सुधारायला हवं असं कुणी लिहीत नाही.

मग हा एस आहे तरी कशासाठी? याचं उत्तर मला आमच्या घरातच सापडलं, आजोबांच्या गोष्टीत.

आजोबा १९४८ साली तेरा वर्षांचे होते. तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. कारभार उर्दूत, कोर्ट उर्दूत, आणि हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ तर १९१८ पासून उच्च शिक्षणही उर्दूतूनच देत होतं. पुढे जायचं, निदान तलाठ्यापुढे उभं राहायचं, तर उर्दू यायला हवी. म्हणून पणजोबांनी एक बैल विकून आजोबांना तालुक्याच्या गावी शिकायला ठेवलं होतं. आजोबा सांगायचे की तिथल्या मास्तरांना 'क़ाफ' घशातून लागायचा. आपला साधा 'क' काढला की छडी. 'कलम' म्हटलं की छडी, 'क़लम' म्हटलं की पुढचा मुलगा. गंमत अशी की हैदराबादची बोलती दखनी ज्यांनी ऐकली असेल त्यांना माहीत आहे, तिथेही तो क़ाफ घशातून निघत नाही, त्याचा 'ख़' होतो. म्हणजे ज्या अक्षरासाठी आजोबांच्या हातावर वळ उठत होते, ते त्या राज्याच्या राजधानीतल्या रस्त्यावरही कुणी तसं म्हणत नव्हतं.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं. त्या क़ाफची गरजही संपली. पुढची साठ वर्षं तो आजोबांच्या घशात तसाच पडून होता. गावात कुणाच्या जमिनीचा जुना उर्दू कागद निघाला की लोक त्यांच्याकडे घेऊन यायचे, ते चष्मा लावून वाचून द्यायचे. तेवढाच त्याचा उपयोग. एका अक्षरासाठी मार खाल्ला आणि मग ते अक्षर तपासणारेच निघून गेले.

बायबलमध्ये, 'शास्ते' नावाच्या भागात, यापेक्षा भयानक गोष्ट आहे. दोन टोळ्यांमध्ये लढाई झाली. हरलेले एफ्राइमचे लोक यार्देन नदी ओलांडून पळायला लागले, तेव्हा जिंकलेल्या गिलादच्या लोकांनी उतारावर पहारा बसवला. येणाऱ्याला म्हणायचे, 'शिब्बोलेथ' म्हण. साधा शब्द, अर्थ कणीस. एफ्राइमच्या लोकांना 'श' म्हणता येत नसे, ते 'सिब्बोलेथ' म्हणत. म्हटलं की तिथेच मारत. बायबल आकडा देतं बेचाळीस हजार. त्या पहारेकऱ्यांना कणसाशी काही देणंघेणं नव्हतं. (लॉग-इन सांभाळणारं एक सॉफ्टवेअर आहे, त्याचं नावही शिब्बोलेथ. नाव ठेवणाऱ्यानं गोष्ट वाचलेली असणार.)

एस, क़ाफ, शिब्बोलेथ. आणि माझ्या भाचीचा 'ण'. तिची पहिलीतली पहिली चूक इंग्रजीतली नव्हतीच, मराठीतली होती. ती घरातून 'पानी', 'कोन', 'मपलं दप्तर' असं बोलत शाळेत गेली. 'काय करूलालास?' ही आमच्याकडची चांगली धडधाकट क्रिया आहे, चालू वर्तमानकाळ त्यात नीट बसतो. पण पाठ्यपुस्तकात ती नाही. म्हणून आधी घरचं बोलणं चूक ठरलं आणि त्या जागी पुस्तकातली मराठी आली. मग त्या मराठीवर इंग्रजी आलं. आठ वर्षांच्या मुलीनं दोनदा ऐकलंय की तू तोंड उघडतेस तेव्हा काहीतरी चुकतं. दुसऱ्या वेळचा मास्तर मी.

महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्याआधी ते पाचवीपासून होतं. मी २००३ मध्ये पहिलीत गेलो, म्हणजे त्या सुरुवातीच्या तुकड्यांतला. ए फॉर ॲपल शिकलो तेव्हा सफरचंद आमच्या घरी कुणी आजारी असलं तरच यायचं, म्हणून कितीतरी दिवस मला ॲपल हे औषध वाटायचं. पण बाई प्रेमळ होत्या आणि चुकलं तर चुकलं असं वातावरण होतं. एसची धास्ती मला शाळेनं लावली नाही. ती नांदेडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी लागली. तोंडी परीक्षेत मी 'करंट फ्लो फ्रॉम पॉझिटिव्ह' म्हणालो आणि मागच्या बाकावर कुणीतरी 'फ्लो, फ्लो' करत हसलं. बस, एवढंच. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात हात वर केला नाही. आजही बैठकीत बोलायच्या आधी वाक्य एकदा मनात चालवून बघतो. सेलूचा तो मुलगा वाक्याआधी का थांबत होता हे मला पहिल्या मिनिटाला कसं कळलं, तर असं कळलं.

त्यामुळे त्याला सोडून देणारा मीच असायला हवा होतो. मी ते केलं नाही. ज्यानं टोल भरलेला असतो त्याला दुसऱ्यानं फुकट गेलेलं बघवत नाही, असं काहीसं माझ्यात झालं असावं.

आता इथे कुणीही म्हणेल, मग सोडून दे ना तो एस. भाचीला सांग, 'गो' चालतं, अर्थ कळला की झालं. मलाही एक-दोन रविवार तसंच वाटत होतं. एकदा तिनं 'शी ईट' म्हटलं आणि मी मुद्दाम काही बोललो नाही. फार मोठ्या मनाचा असल्यासारखं वाटलं. मग लक्षात आलं की मोठं मन माझं आणि किंमत तिची. मुलाखतीच्या टेबलाच्या त्या बाजूला उद्या ती बसणार, आणि या बाजूला माझ्यासारखाच कुणीतरी.

अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ लिसा डेलपिट यांनी १९८८ मध्ये नेमकं यावर लिहिलंय. त्या स्वतः कृष्णवर्णीय. गोऱ्या, उदारमतवादी शिक्षकांना वाटायचं की काळ्या मुलांची बोली तशीच राहू द्यावी, व्याकरणाचा धाक नको, मुलांना मोकळं लिहू द्यावं. डेलपिट यांचं म्हणणं थोडक्यात असं की सत्तेच्या दालनात वागायचे काही नियम असतात, आत जन्मलेल्यांना ते न शिकवता येतात, बाहेरच्यांना ते कुणीतरी उघडपणे सांगावे लागतात. न सांगणं हे औदार्य दिसतं, पण त्यानं दार बंदच राहतं. आणि सांगताना हेही सांगायचं की हे नियम कुणाचे आहेत.

आपल्याकडे हे त्याच्या कितीतरी आधी सावित्रीबाईंनी ओळखलं होतं. १८५४ साली 'काव्यफुले' आलं, त्यात शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिका म्हणून सांगणाऱ्या कविता आहेत. ज्यांना संस्कृत ऐकायचीही बंदी होती त्यांना इंग्रजीत एक न अडवलेली वाट दिसत होती. इंग्रजी परकी आहे हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे. घरच्या भाषांनी कसं वागवलं, हेही त्यांना माहीत होतं. भाचीनं पहिल्याच आठवड्यात मला विचारलं होतं, "यू म्हंजे तू का तुम्ही?" मी म्हटलं, दोन्ही. ती हरखूनच गेली. "म्हंजे सरपंचालाबी यू आन शेळीलाबी यू?" आता इंग्रजीतही पूर्वी 'तू'साठी वेगळा शब्द होता, तो मागे पडला आणि अहो-जाहोचा 'यू' सगळ्यांना मिळाला. पण तिच्या आनंदाला तो इतिहास कशाला हवा? आमच्या गावात कुणाला अरे म्हणायचं आणि कुणाला अहो, हे वय बघून ठरतं असं वरवर वाटतं. वयाच्या आत आणखी काय काय बघितलं जातं ते गावात राहिलेल्याला सांगावं लागत नाही. त्या पोरीला एक असा शब्द मिळाला ज्यात तो हिशेबच नाही. हा शब्द तिला मिळायलाच हवा. आणि त्याच्याबरोबर एसही येणार.

म्हणजे शिकवायचं हे ठरलं. काय म्हणून शिकवायचं, हा प्रश्न राहतो. 'हे बरोबर आणि हे चूक' असं शिकवलं तर सोपं जातं, तिला लवकर येईल, आणि वीस वर्षांनी ती माझ्यासारखी फॉर्म भरेल. 'हा नुसता रिवाज आहे, तपासणारे आहेत म्हणून पाळायचा' असं शिकवलं तर ते खरं आहे, पण आठ वर्षांच्या मुलीला ते कितपत पेलेल? तिला उद्या वाटलं की सगळेच नियम असे असतात, तर सातचा पाढाही रिवाजच. सात आठे छप्पन्न हे कुणाच्या पहाऱ्यावर अवलंबून नाही, आणि हा फरक तिला कळायला हवा. मला वाटतं खोटं बोलण्यापेक्षा अवघड बोललेलं बरं. पण हे वाटणं मला नोकरी लागून गेल्यानंतरचं आहे, हेही इथेच नोंदवतो.

इंटरनेट बनत होतं तेव्हा जॉन पोस्टेल यांच्यापुढे असाच पेच होता. वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली मशीन एकमेकांशी बोलणार, प्रत्येकाचं थोडंथोडं चुकणार, मग करायचं काय? १९८० मध्ये त्यांनी टीसीपीच्या मसुद्यात एक तत्त्व घातलं. त्याचा आशय असा की आपण पाठवताना काटेकोर राहावं, दुसऱ्याकडून घेताना सैल असावं. या तत्त्वावर पुढे बरीच टीका झाली. घेणाऱ्यांनी सगळंच चालवून घेतलं की पाठवणारे बिघडतात आणि शेवटी नियम नेमका काय होता हेच कुणाला कळेनासं होतं, असं त्या जगातल्याच लोकांनी लिहिलंय. मशीनच्या बाबतीत मला ती टीका पटते. मी स्वतः दुसऱ्या टीमच्या अर्धवट डेटावर कित्येक रात्री घालवल्यात. माणसांच्या बाबतीत पटत नाही, कारण आपल्याकडे ते तत्त्व बरोबर उलटं चालतं. स्वतः 'डू द नीडफुल' लिहायचं आणि समोरच्याचा एस मोजायचा.

भाचीला काटेकोर पाठवायला शिकवणं हे माझं काम. पण घेणाऱ्यानं सैल असावं, हे तिला शिकवून भागणार नाही. ते मला आणि माझ्या शेजारच्या सहकाऱ्याला शिकायचंय. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, गदारोळ झाला, २९ जूनला सरकारनं तो मागे घेतला. त्या तीन महिन्यांत मी फोनवर शेकडो पोस्ट वाचल्या असतील. किती भाषा, कितवीपासून, कुणाच्या फायद्यासाठी. भांडण योग्यच होतं. पण मूल चुकल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा कसा होतो, यावर मला काही वाचायला मिळालं नाही. माझ्या मते पहिली की पाचवी यापेक्षा त्या चेहऱ्यावर जास्त अवलंबून असतं.

ऑफिसातल्या त्या फॉर्मचं मी काय केलं हे विचाराल. तो परत उघडता येत नाही. त्या मुलाला शोधून फोन करावा असं मनात आलं होतं, पण काय सांगणार? तुझं उत्तर बरोबर होतं? ते त्यालाही माहीत होतं. आता मुलाखतीच्या सुरुवातीला मी सांगतो की हिंदी, मराठी, इंग्रजी, कशातही बोला. पहिल्यांदा म्हणताना सहकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. 'कम्युनिकेशन'च्या चौकटीत हल्ली मी एवढंच लिहितो की मला काय कळलं नाही. बहुतेक वेळा ती चौकट रिकामी राहते. एचआरकडून दोनदा विचारणा झाली की चौकट रिकामी का.

भाचीला शेवटी एका रविवारी मी सांगून टाकलं. म्हटलं, "तू त्या दिवशी विचारलं होतंस ना, कोन बोलत नाही? तर ऑफिसातले लोक. मोठ्या शाळेतले लोक. मीपण. एस नाही लावला तरी कळतं सगळं, पण हे लोक हसतात. म्हणून लावायचा."

तिनं थोडा विचार केला. "तूबी हसतूस?"

"एकदा हसलो."

"कुनाला?"

मी सांगितलं. नाव नाही, बाकी सगळं. तिला त्यातलं किती कळलं मला सांगता येत नाही. शेळी आली, वही ओढली, तास संपला.

गेल्या बुधवारी ऑफिसात असताना तिचा व्हॉइस मेसेज आला. हल्ली ती ताईच्या फोनवरून एकेक वाक्य पाठवते. "माय आजी गो..." मग थांबली. मागे कोंबड्यांचा आवाज. मग, "गोज टू गंगाखेड. शी गोज टू डॉक्टर." मी तो मेसेज तीनदा ऐकला. तिन्ही वेळा त्या थांबण्याकडे माझं लक्ष होतं. सेलूचा मुलगा तसाच थांबायचा. 'व्हेरी गुड' टाइप केलं, पुसलं, काय लिहावं ते सुचेना.

मग बऱ्याच वेळानं डोक्यात आलं की आजी डॉक्टरकडे गेल्यात. मी ताईला फोन लावला.